पिवळ्या क्रेनची खूण

उंबरखोल गाव धरणात गेलं त्याला चोवीस वर्षं झाली, पण चंदर अजून आठवड्यातून तीनदा गावात जातो. सकाळी सहाला जातो, अकराला परततो. सोबत नारिंगी जॅकेट घातलेले एक-दोन पाहुणे असतात. आपण कुणाच्या घरावर बसून चहा पितोय याची त्यांना कल्पना नसते. ज्यांची घरं, ते लोक आता हायवेजवळच्या वसाहतीत राहतात, आणि त्यांचीही काही हरकत नसते.

काठावर कमालची पाटी आहे. 'कमाल बोटिंग. अर्ध्या दिवसाची मासेमारी, गाईडसह. मासा तळून मिळेल.' यातला गाईड म्हणजे चंदर. तो शब्द पाटीवर चढला त्या दिवशी चंदरला ग्रामपंचायतीवर निवडून आल्यासारखं वाटलं होतं. बोट कमालची, पाहुण्यांचे फोन कमालचे, तळणं कमालच्या बायकोचं, आसियाचं. पाणी तेवढं चंदरचं.

शहरातल्या माणसाला वाटतं, एवढं मोठं धरण, कुठंही गळ टाकला की मासा लागेल. तसं नसतं. सपाट चिखलात मासा काय करील? त्याला आडोसा लागतो, भिंत लागते, कोपरा लागतो. थोडक्यात, माशालाही घर लागतं. गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं, वासे, दारं, चौकटी सगळं काढून नेलं. जोती आणि भिंती तेवढ्या राहिल्या. त्यात आता मासे राहायला आलेत. येसूबाईच्या गोठ्यात रोहू असतो. शाळेच्या विहिरीत मरळ, पण ती हुशार, गळाला लागत नाही. शाळेचा गुण असावा. बौद्धवाड्यात, चंदरच्या स्वतःच्या घराशी, बारीकसारीक. पोलीस पाटलाच्या जोत्यावर काहीच मिळत नाही, पण तिथं पूर्वीही कुणाला काही मिळत नसे. आणि दहा-दहा, पंधरा-पंधरा किलोचे कटले बसतात ते ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी. मोठी मंडळी तिथंच सापडणार, यात चंदरला कधी नवल वाटलं नाही.

आता पाण्यावर उभं राहून खालची ग्रामपंचायत शोधायची कशी, तर दोन रेघांनी. समोरच्या डोंगराच्या धारेत एक खाच आहे आणि काठावर चिंच. खाच आणि चिंच एकावर एक आली की ती एक रेघ. डावीकडे विजेच्या मनोऱ्यांच्या रांगेतला तिसरा मनोरा मागच्या टेकडीच्या टोकाला टेकला की दुसरी. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापतील तिथं इंजिन बंद करायचं, गळ सोडायचा. गावातल्या प्रत्येक घराची अशी दोन-दोन खुणांची जोडी चंदरच्या डोक्यात होती. कागदावर काहीच नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून ह्या धंद्यात एक बारीकशी अडचण आली होती. चंदरला दिसेनासं झालं होतं.

पार आंधळा नव्हे. आजार मोठा खोडकर होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, आणि ज्याच्याकडे बघू नये ते कडेकडेने सगळं दिसायचं. समोर कमाल उभा असला तर त्याचं तोंड गायब, कान शाबूत. खोपोलीच्या डॉक्टरने डोळ्यात थेंब घातले, दिवा मारला आणि सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलं ते परत येणार नाही." चंदरने विचारलं, "चष्म्यानं?" डॉक्टरने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सरकारी डॉक्टरने खांद्यावर हात ठेवला म्हणजे काय समजायचं ते चंदर समजला.

हे ठाऊक होतं फक्त पौर्णिमाला, त्याच्या लेकीला. तीच त्याला घेऊन गेली होती. तिने त्याला बजावून ठेवलं होतं: "बाबा, रविवारपर्यंत कमालकाकांना तुमी सांगा. नायतर सोमवारी मी सांगते. लोकांची पोरंबाळं घेऊन जाता तुमी पाण्यात."

"रविवारी सांगतो," चंदर म्हणाला होता.

आज रविवार होता.

सांगायला काही जड नव्हतं. चार शब्दांचं काम. पण ते चार शब्द बोलल्यावर चंदर बोटीतून उतरणार होता आणि पुन्हा चढणार नव्हता. वसाहतीत तो प्लॉट नंबर सत्तेचाळीस होता. पाण्यावर तो उंबरखोलचा चंदर होता, आणि तसा म्हणायला तो एकटाच उरला होता.

सकाळी तो काठावर आला तेव्हा आसिया शेगडीवर चहा ठेवून करवादत होती. "चंदरभाव, तीन दिस त्या बिल्डिंगवाल्यांचा ट्रेलर रस्त्यात आडवा व्हता. दूधवाला अजून फिरकला नाय, पाववाला नाय. मंगळवारपासून बिनदुधाचा पितोय आमी."

"बिल्डिंगी बांधल्याशिवाय गिऱ्हाइक कुठनं येनार, भाबी?" चंदर म्हणाला.

"ह्याला बग, बिल्डरचा वकील!" कमाल म्हणाला. तो फळीवर बसून मोबाईलमध्ये डोकं घालून होता. जाडजूड, दाढी मेंदीने लाल केलेली, पायात रबरी बूट. बूट कशाला हे कुणालाच कळत नसे, कारण कमाल पाण्यात पाऊल टाकायचा नाही. बोटीचा मालक, पण नऊ वर्षांत एकदाही बोटीत बसलेला नाही. पाहुण्यांना वाटे, घाबरतो. चंदरला कारण ठाऊक होतं.

गाव उठायच्या आधी महिनाभर कमालची आई गेली. सगळे म्हणाले, आता महिन्यात पाणी येणार, तिला खोपोलीला ने. पण म्हातारीने मरायच्या आधी सांगून ठेवलं होतं की नवऱ्याच्या शेजारीच. मग ओढ्यापलीकडच्या कबरस्तानात तिला ठेवली. पुरुषमाणसं निम्मी नव्या जागी घरं बांधायला गेलेली, खणायला हात कमी, तेव्हा चंदरने सकाळपासून कुदळ चालवली होती. पुढच्या पावसात पाणी चढलं. मशिदीला नवी जागा मिळाली, विहाराला मिळाली, शाळेलाही मिळाली. कबरस्तान उचलून कुठं नेणार?

नऊ वर्षांपूर्वी बोट घेतली तेव्हा कमालने एकच अट घातली. "पान्यावर तुजं राज्य, चंदर. कुटं जातोस, काय करतोस, मी इचारनार नाय. फकस्त तिथं गळ नको."

"नाय टाकनार," चंदर म्हणाला होता. एवढंच. त्यानंतर दोघांत त्या जागेचा उल्लेख झाला नव्हता, आणि कबरस्तान ग्रामपंचायतीपासून दोनशे पावलांवर असूनही चंदरचा गळ तिकडे कधी गेला नव्हता.

"कमालभाय," चंदर चहाचा पेला हातात धरून म्हणाला, "तुला एक सांगायचं व्हतं."

"नंतर सांग रं. आले बग पावणे."

नंतर, हे चंदरला एकदम पटलं.

पाहुणे शेलूचे. मनोज आणि प्राची, नवराबायको. शेलूला नव्या बिल्डिंगांत फ्लॅट, नोकऱ्या मुंबईत, आणि मधल्या वेळात मनोजला मासेमारीचा नाद. नाद म्हणजे मोबाईलवर बघून लागलेला. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला चंदरने कडेकडेने मोजले तेवढे चौदा खिसे. पाठीवर तीन रॉड. डोक्यावर टोपी, टोपीला गळ टोचलेले. इतक्या तयारीने माणूस लढाईला जातो. प्राचीच्या हातात पिशवी, पिशवीत उपम्याचा डबा.

"काका, आज दहा किलोच्या खाली बोलायचं नाही," मनोज म्हणाला.

"माशाला सांगतो तसं," चंदर म्हणाला.

माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पाडणारी लाल दोरी त्याने मनगटात अडकवली आणि बोट निघाली. कार्तिक सरत आला होता, पाण्यावर धुकं. धुकं चंदरला आवडायचं. त्यात सगळ्यांनाच दिसत नाही.

पहिला मुक्काम येसूबाईच्या गोठ्यावर. तो चंदर आता अंदाजाने काढत असे. काठापासून सरळ, इंजिन अर्ध्यावर, मनात दीडशे आकडे. मनोजने पेंडीचे आणि कणकेचे गोळे चंदरने दिले तसे लावले, गळ सोडला. तासाभरात दोन वीतभर चिलापी मासे लागले आणि मनोजने दोघांबरोबरही फोटो काढून घेतले.

"काका, मोठ्या जागी चला ना. कमालभाई फोनवर म्हणाले, तुमची एक खास जागा आहे."

"हाय. ग्रामपंचायत."

"पाण्यात ग्रामपंचायत?" प्राची हसली.

"जमिनीवर आसताना तरी कुटं सापडायची, ताई."

आता या खास जागेचं सांगायचं तर चंदरने तिची खूण बदलली होती. चिंच दिसेनाशी झाली तेव्हा तो आठ दिवस कासावीस झाला होता. काठाकडे बघावं तर तिथं काहीच नाही. मान तिरकी करून बघावं, तरी नाही. कुणाला विचारावं, बाबा, ती चिंच दिसते का? पण गाईडने असं विचारलं की संपलंच. मग त्याला क्रेन सापडली. काठावर चौदा मजली बिल्डिंग चढत होती आणि तिच्या शेजारी आभाळात घुसलेली पिवळीधमक क्रेन. एवढी मोठी आणि एवढी पिवळी, की झिजल्या डोळ्याच्या कडेलासुद्धा तिला लपता येत नव्हतं. चंदरने हिशेब बसवला: खाच आणि चिंचेऐवजी खाच आणि क्रेन, थोडं उजवीकडे धरून. पहिल्याच दिवशी बारा किलोचा कटला लागला. चंदरने बिल्डरला मनातल्या मनात दुवा दिला. धरणाकाठच्या बिल्डरला दुवा देणारा तो तालुक्यातला पहिलाच माणूस असेल.

आजही त्याने मान तिरकी केली, डोंगराची खाच कडेला घेतली, तिच्याखाली पिवळी रेघ येईपर्यंत बोट सरकवली. आज जरा जास्तच पुढं यावं लागलं. धुक्याने तसं वाटत असेल. मनोरा टेकडीला टेकल्यासारखा वाटला. त्याने इंजिन बंद केलं.

"टाका."

मनोजने गळ टाकला. मग एका खिशातून लिंबाएवढा काळा चेंडू काढला आणि तोही दोरीला बांधून पाण्यात सोडला. "काका, हे यंत्र. तळाचं सगळं चित्र मोबाईलवर येतं. प्राची, तू बघत राहा."

चंदरला हसू आलं. ज्या गावात आपण जन्मलो त्याचं चित्र आता हा चेंडू काढणार. "ओटा दिसंल बगा," तो म्हणाला. "लांबडा, चांगला पंधरा हात. तीन पायऱ्या."

प्राची मोबाईलवर वाकली. "ओटा नाही दिसत."

"दिसंल. बोट जरा फिरू द्या."

"छोटे छोटे उंचवटे आहेत, काका. बुटके. सगळे सारख्या उंचीचे." ती थांबली. "आणि अंतरही सारखं. एक उंचवटा, मग मोकळं, मग उंचवटा. कुणीतरी ओळीने मांडल्यासारखे."



"भिंत?" चंदरने विचारलं. "भिंत हाय का कुटं?"

"नाही. कडेला एक झाड आहे. उभंच्या उभं. नुसतं सरळ खोड."



उंबरखोलमध्ये उभं झाड राहिलंच नव्हतं. गाव सोडताना लोकांनी झाड न् झाड तोडलं होतं. पाण्यात कुजण्यापेक्षा नव्या घराला वासा होईल, म्हणून. आंबा गेला, फणस गेला, सरकारी साग तर रात्रीतून गेला. एकच झाड कुणी तोडलं नाही. कबरस्तानाच्या तोंडाशी असलेला ऐन. त्याला कोण हात लावणार? चंदरने खणून दमल्यावर पाठ टेकली होती ती त्याच ऐनाला.

"दादा, गळ वर घ्या," तो म्हणाला.

"आत्ताच तर टाकला."

"घ्या वर. जागा चुकली."

मनोज तोंड उघडणार तोच रॉड वाकला. वाकला म्हणजे टोक पाण्याला टेकलं. रीळ किंचाळत सुटलं, बोट जागच्या जागी फिरली, आणि मनोज, चौदा खिशांसकट, फळीवरून घसरून गुडघ्यावर आला.

"लागला! काका, लागला! प्राची, व्हिडिओ काढ!"

मासा मोठा होता. दोरीच्या ताणावरूनच चंदरला समजलं की पंधराच्या खाली नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने मनोजच्या पाठीशी बसून त्याला सांभाळून घेतलं असतं, ढील द्या, आता ओढा, आता थांबा. माणसाच्या आयुष्यात असा मासा एकदा लागतो. पण हा मासा कुठल्या दोन उंचवट्यांच्या मधून वर येतोय, हे चंदरला दिसत होतं. आजकाल त्याला एवढंच स्वच्छ दिसायचं, जे समोर नाही ते.

"सोडून द्या त्याला."

"काय?"

"सोडा म्हनतो!"

"वेडे आहात का काका? पंधरा किलो असेल!"

चंदरने बोटीच्या तळाची कोयती उचलली आणि रॉडच्या टोकापुढच्या दोरीवर मारली. कोयती हवेतून गेली. पुन्हा मारली. पुन्हा हवेत. तेव्हा त्याने डावा हात पुढं करून चाचपत चाचपत दोरी शोधली. ताणलेली दोरी त्याच्या बोटात सुरीसारखी शिरली. तिच्यावरच कोयती टेकवून त्याने ओढली.

रॉड ताडकन सरळ झाला. मनोज उताणा पडला. पाणी एकदा डुचमळलं आणि गप्प झालं.

मग मनोज जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेलूत राहून माणूस एवढं शिकतो हे प्राचीलाही नवीन असावं. पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती, चंदरच्या हाताकडे बघत होती. तिने ओढणीच्या टोकाने त्याचं रक्ताळलेलं बोट बांधलं आणि हळूच विचारलं, "काका, तुम्हाला ती दोरी दिसली नाही ना?"

"धुकं हाय, ताई."

धुकं कधीच गेलं होतं. ऊन पडलं होतं. प्राचीने गाठ मारली आणि आणखी काही विचारलं नाही. हे विचारण्यापेक्षा वाईट होतं.

"ठीक आहे," मनोज मोबाईल हातात घेत म्हणाला. "पॉइंट सेव्ह केलाय मी. नकाशावर. पुढच्या रविवारी आमचा अख्खा ग्रुप आणतो, दुसऱ्या कुणाची बोट घेऊन. चाळीस जण आहेत. बघतो कोण दोरी कापतं."

परतीच्या वाटेवर चंदरने एक छान खोटं तयार केलं. गळ खोडात अडकला होता, ओढला असता तर बोट कलंडली असती, पाहुण्यांच्या जिवासाठी दोरी कापली. खोटं इतकं चांगलं होतं की त्यात त्याचाच मान वाढत होता. खोड खरं होतं, दोरी खरी होती. मधलंच तेवढं खोटं. काठ येईपर्यंत त्याने ते तीन वेळा मनात म्हणून बघितलं.

मनोज बोट लागायच्या आतच उडी मारून उतरला आणि कमालपुढं जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं. कमालने शांतपणे ऐकलं आणि चंदरकडे वळला.

"काय झालं रं?"

"खोड व्हतं. गळ गुतला व्हता. बोट कलांडली आसती."

"ऐकलंत?" कमाल मनोजला म्हणाला. "चंदर म्हनतो खोड, तर खोड. नऊ वर्सं झाली, ह्या मानसानं एक पावना भिजू दिला नाय. तुमाला आईबापाकडं परत आनून पोचवलं, त्याचं उपकार माना."

चंदरने खाली मान घातली. शिव्या परवडल्या असत्या.

"मासा होता, खोड नव्हतं!" मनोज म्हणाला. "जागा आहे माझ्याकडे. ग्रुप घेऊन येतो मी, चाळीस जण."

कमालचा चेहरा फुलला. धंदेवाईक माणूस. "आना की! चाळीस आना, पन्नास आना. दुसऱ्याची बोट कशाला? दोन बोटी मीच मागवतो. ही आसिया तळून घालील, तुमी नुसतं त्या जाग्यावर बसा आनी काढा कटलं. काय, चंदर?"

चंदरने मान वर केली. कमालकडे बघितलं. कमालचं तोंड नाहीसं झालं. लाल दाढीची कड आणि एक कान तेवढा राहिला. त्या कानाकडे बघून तो म्हणाला:

"कमालभाय, ते खोड ऐनाचं हाय."

शेगडीवर तेल तापत होतं. त्याचा आवाज तेवढा.

"कुटला ऐन?" कमाल म्हणाला.

"एकच हाय."

आसियाने शेगडी बंद केली. मग डोक्यावरून पदर घेतला. मनोज काहीतरी बोलायला गेला, प्राचीने त्याचं जाकीट ओढलं.

"तू तिथं गेलास कसा?" कमालचा आवाज एकदम खाली आला होता. "तू?"

"खून चुकली. क्रेनची."

"क्रेनची? तुजी खून चिंच ना? तूच सांगायचास मला, चिंच आनी खाच."

"चिंच दिसत नाय आता."

"दिसंल कशी? चिंच तोडली की गेल्या वर्सी. त्यांच्या रस्त्यात येत व्हती. बुंधासुदीक ऱ्हायला नाय."

ज्या झाडासाठी चंदरने आठ दिवस मान वाकडी करकरून बघितलं, ज्याच्या पायी खोपोलीला जाऊन डोळ्यांत थेंब घालून घेतले, ते झाडच तिथं नव्हतं. एकदा, एका कुणाला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारणार कसं?

"मला वाटलं," तो म्हणाला, "ती माज्याच डोळ्यानं गेली."

"आनी क्रेन तर मंगळवारी हलवली. ती बग, पार तिकडं, दुसऱ्या बिल्डिंगला लावली. तीन दिस रस्ता बंद व्हता त्येच्यापायी." कमाल बोलता बोलता थांबला. त्याने हात वर केला आणि चंदरच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं हायत?"

चंदरने हाताकडे बघितलं. हात नाहीसा झाला.

"पौर्णिमानं रविवारपर्यंत सांगायला सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

"किती बोटं, चंदर?"

"नाय दिसत."

कमाल ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो ओरडला नाही. प्राचीकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या पोरीला घेऊन गेलास तू. मागल्या रविवारी ते भिवपुरीचं कुटुंब नेलंस, कडेवर लेकरू व्हतं. दिवाळीत बारा जनं. आनी मी हितं बसून लोकांना सांगतो, चंदर हाय, भ्यायचं नाय." त्याने चंदरचा हात धरला, मनगटातली लाल दोरी ओढून काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. "आईवर गळ टाकलास ते मी समजंन. तू चुकलास. पन हे चुकलास न्हवं. हे रोज सकाळी उठून केलंस."

कमालने एवढं नेमकं बोलावं याचंच चंदरला नवल वाटलं. तिकडे मनोज चुळबुळत होता. तो भला माणूस होता, मासा गेला की सगळेच बिघडतात. "सॉरी, भाई," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. मी पॉइंट काढून टाकतो. ग्रुपवर अजून टाकला नाहीये. हा बघा, आत्ताच पुसतो."

"थांबा!"

कमाल इतक्या जोरात म्हणाला की मनोजचा अंगठा हवेतच राहिला.

"पुसू नका. आदी मला दाखवा."

मनोजने मोबाईल पुढं केला. कमालने तो दोन्ही हातांत घेतला, उन्हाकडे पाठ केली आणि बघितलं. निळ्या रंगावर एक तांबडा ठिपका. बाकी काही नाही.

"हितं?"

"हो. तीन-चार मीटर इकडेतिकडे असेल."

कमाल ठिपका बघत राहिला. चोवीस वर्षं तो काठावर बसला होता, आणि सगळं पाणीच त्याला सारखं होतं. कुठल्या बाजूला बघायचं ते चंदरला ठाऊक होतं, पण त्याने चंदरला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मग रोज तिकडे बघावं लागलं असतं.

त्याने आसियाकडे पाहिलं. आसियाने होकाराची मान हलवली. मग तो रबरी बूट काढून ठेवून, अनवाणी, बोटीत चढला. जड अंगाचा माणूस, बोट एका अंगाला दबली. लाल दोरी जागेवर अडकवली, इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. चौथ्यांदाही नुसतं खोकलंच.

"चोक वड आदी," चंदर काठावरून म्हणाला.

कमालने मागं न बघता चोक ओढला. इंजिन लागलं. बोट तशीच धडधडत उभी राहिली, निघाली नाही.

"बस," कमाल म्हणाला.

चंदर मागच्या बाजूने, नेहमीच्या जागी चढायला गेला.

"हितं नाय. म्होरं."

पुढची फळी पाहुण्यांची. चंदर चाचपत तिथं जाऊन बसला. त्याच्या मांडीवर काहीतरी येऊन पडलं. कडेकडेने नारिंगी दिसलं.

"जॅकेट घाल. पावण्यांना सक्तीचं हाय."

चंदरने ते अंगात घातलं. नऊ वर्षांत त्याने शेकडो लोकांना बंद लावून दिले होते, स्वतःचे त्याला लागेनात. कमालने एका हाताने लावून दिले, घट्ट, जरा जास्तच घट्ट. मग मोबाईल मांडीवर ठेवून त्याने बोट सोडली. नागमोडी, नवशिक्यासारखी.

चंदर मनात आकडे मोजत होता. सवयीने. दीडशेवर आला तसा तो म्हणाला, "येसूबाईचा गोठा."

कमालने वेग जरा कमी केला.

"आता शाळा. इहीर डाव्या अंगाला."

इंजिनाचा आवाज. पाणी.

"मंग?" कमालने विचारलं.

"मंग पोलीस पाटील. मंग ग्रामपंचायत. मंग वढा."

"आनी वढ्याच्या पल्याड?"

चंदरने ओढणीने बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं. पुढं बघितलं. पुढचं सगळं, अर्थातच, नाहीसं झालं.

"वढा आला की इंजिन बंद कर," तो म्हणाला. "तिथनं वल्ही मारत जाऊ."